भिंतीवरचा पक्का गोंद काढताना

आजचा भाग भिंतीवर राहून गेलेल्या गोंदाबद्दल आहे. गोंद म्हणजे पाकिटं चिकटवायचा डिंक नव्हे. आरसा, पीव्हीसीची पॅनल्स, टीव्हीमागची लाकडी फळी, आवाज शोषणारा फोम असल्या वस्तू भिंतीला भोक न पाडता ज्याने बसवतात, तो बांधकामाचा गोंद. वस्तू कधीतरी निघते, गोंद तिथेच राहतो. कुठे पिवळट टणक गोळे, कुठे रबरासारखे लोंबणारे पट्टे. मग घरातलं कोणीतरी चाकू घेऊन खरवडायला बसतं आणि अर्ध्या तासात भिंतीला खड्डे पडतात.

मी राहतो त्या चेन्नईच्या अण्णा नगरमध्ये हा प्रश्न फार येतो, आणि त्याला कारण आहे. ही वसाहत तमिळनाडू गृहनिर्माण मंडळाने आखली. 1968 साली इथे मोठं आंतरराष्ट्रीय व्यापार प्रदर्शन भरलं होतं, त्या वेळचा उंच टॉवर आजही बागेत उभा आहे. टॉवरला विश्वेश्वरय्यांचं नाव आहे. हे गृहस्थ इंजिनियर झाले ते पुण्यात, असं मी इथल्या मित्रांना सांगतो तेव्हा ते माझ्याकडे थोड्या संशयाने बघतात. पण आहे ते खरं आहे. मुद्दा असा की, त्या काळातली बैठी घरं आणि ती पाडून उभ्या राहिलेल्या नव्या इमारती इथे एकाच गल्लीत शेजारी शेजारी आहेत. गोंद दोन्हीकडे तोच, पण भिंती वेगळ्या. एका भिंतीवर जो उपाय चालतो तो शेजारच्या भिंतीवर धोक्याचा ठरू शकतो. पुण्यात, इंदुरात, बेळगावात, जिथे जिथे जुनी-नवी घरं मिसळून आहेत तिथे हेच चित्र असणार.

दुसरं कारण भाड्याच्या घरांचं. इथे अनामत रकमेला सगळे ‘अॅडव्हान्स’ म्हणतात, आणि ती परत घ्यायची वेळ आली की घरमालक सगळ्यात आधी भिंती बघतो. फौजेतल्यांना हे नवीन नाही. सरकारी क्वार्टर सोडताना आमचं ‘मार्चिंग आउट’ होतं. यादी घेऊन माणूस येतो, एकेक खिळ्याचं भोक मोजतो आणि ‘बॅरॅक डॅमेजेस’ लावतो. तीस-पस्तीस वर्षांत इतक्या क्वार्टर सोडल्या की भिंतीकडे बघायची नजर आपोआप तयार झाली. शिवाय मी सॅपर, म्हणजे लष्कराच्या इंजिनियर शाखेतला. तोडायचं कसं हे शिकवताना आम्हाला आधी ते कशाचं बनलंय हे शिकवतात.

तर तिथूनच सुरू करू. भिंत म्हणजे एक वस्तू नाही, थर आहेत. सगळ्यात आत वीट किंवा काँक्रीटचा ब्लॉक. त्यावर सिमेंट-वाळूचा गिलावा, घराच्या आतल्या बाजूला साधारण 12 ते 15 मिलिमीटर. गिलाव्यावर पुट्टी, जेमतेम एक-दोन मिलिमीटर. तिच्यावर प्रायमर आणि रंग, सगळं मिळून कागदापेक्षा थोडं जाड. आता गोंद चिकटतो कशाला? सगळ्यात वरच्या रंगाला. रंग प्रायमरला धरून असतो, प्रायमर पुट्टीला, पुट्टी गिलाव्याला. तुम्ही गोंदाचा गोळा ओढता तेव्हा ही सगळी साखळी ताणली जाते आणि जी कडी सगळ्यात कच्ची ती तुटते. चांगला बांधकामाचा गोंद कच्ची कडी कधीच नसतो. पुट्टी असते. म्हणून गोळ्यासोबत पुट्टीचा पोपडा येतो.

लोक इथे घाबरतात. घाबरायचं कारण नाही. पुट्टी हा भरून काढायचाच थर आहे. तळहाताएवढा पोपडा गेला तर मूठभर पुट्टी आणि दोन हात रंग, एवढंच नुकसान. गिलावा उखडला तर मात्र काम वाढतं: सिमेंट, वाळू, गवंडी, पाणी मारणं, वाळायची वाट बघणं. म्हणून आपलं उद्दिष्ट ‘गोंद पूर्ण काढायचा आणि रंगाला धक्का लागू द्यायचा नाही’ हे नसावं. ते बहुतेक वेळा शक्यच नसतं, आणि त्याच्या नादाने माणसं नको ती रसायनं भिंतीवर ओततात. उद्दिष्ट असावं की तुटायचं ते पुट्टीत तुटावं, आपण ठरवू तिथे तुटावं, आणि हे करताना घरातल्या कोणाच्या पोटात किंवा छातीत काही जाऊ नये. या तिसऱ्या गोष्टीवर मी आज जास्त वेळ घेणार आहे.

आधी गोंदाची ओळख. आपल्या भाषेत चिकटवण्याच्या पदार्थांना पूर्वी वेगवेगळे शब्द होते. पिठाची ती खळ, झाडाचा तो डिंक, जनावरांच्या कातड्या-हाडांचा तो सरस. तमिळमध्ये सरसकट ‘पसै’ म्हणतात. या सगळ्यांचा एक चांगला गुण होता: पाणी किंवा ऊब दिली की सुटायचे. जुन्या सुतारांनी सरसाने जोडलेली खुर्ची गरम पाण्याच्या फडक्याने सोडवता येते, म्हणून ती शंभर वर्षांनी दुरुस्तही होते. मुंबईत 1959 साली फेव्हिकॉल आला तो सुतारांना सरस उकळत बसायच्या कटकटीतून सोडवायला. तो पांढरा, पाण्यातला गोंद. त्याच्यानंतर रबराचे, इपॉक्सीचे, पॉलियुरेथेनचे, सिलिकॉनचे आले. ते सुटण्यासाठी बनवलेलेच नाहीत. वाळताना त्यांच्यातल्या काहींची रासायनिक जुळणी कायमची बदलते. अंड्याचं ऑम्लेट झालं की परत अंडं होत नाही, तसं.

ओळखायचं कसं? पाकीट, नळी, बरणी घरात सापडली तर उत्तम, त्यावर सगळं लिहिलेलं असतं. नाही सापडली तर नख लावून बघा. नख रुतलं, दाबून परत उभं राहिलं, पारदर्शक किंवा पांढरट आहे आणि बोटाला गुळगुळीत लागतं, तर सिलिकॉन. आरशामागे आणि नव्या पॅनल्समागे बहुधा हाच. पिवळा किंवा तपकिरी, चिंगमसारखा, ताणला की तार येते, तर सिंथेटिक रबराचा गोंद, ज्याला दुकानात ‘एसआर’ म्हणतात. पांढरट-पिवळसर, टणक, ओलं फडकं अर्धा तास ठेवल्यावर दुधाळ होऊन मऊ पडला, तर पांढरा सुतारकामाचा गोंद. काचेसारखा कडक, नख अजिबात लागत नाही, पाण्याने ढिम्म हलत नाही, तर इपॉक्सी. आणि हलका, आतून बुडबुड्यांचा, पावासारखा असेल तर पॉलियुरेथेनचा फोम.

एवढं झालं की भिंतीची ओळख. टकटक वाजवून बघा. भरीव आवाज आला तर वीट-गिलावा. पोकळ आला तर जिप्सम बोर्ड असेल, किंवा गिलावा विटेपासून सुटलेला असेल. मग घराचं वय विचारा, कारण प्रश्न शिशाचा आहे.

शिसं म्हणजे लेड. जुन्या तेलाच्या रंगांत, इनॅमलमध्ये, चमक आणि टिकाऊपणासाठी आणि लवकर वाळण्यासाठी शिशाची संयुगं घालत. पिवळा, केशरी, लाल, हिरवा या रंगछटांत जास्त. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर कायद्याने मर्यादा आली ती 2016 च्या नियमांनी, आणि ती लागू झाली 1 नोव्हेंबर 2017 पासून: दहा लाख भागांत 90 भाग, त्याहून जास्त नको. अमेरिकेत घरांसाठी शिशाच्या रंगावर 1978 मध्येच बंदी आली. म्हणजे आपल्याकडे 2017 च्या आधी रंगवलेली भिंत, दार, खिडकीचा गज, विशेषतः तेलाच्या रंगाचा, यात शिसं असेल असं धरूनच चालावं. पाण्याच्या डिस्टेंपरला आणि चुन्याला ही भीती फारशी नाही. पण आठवून बघा: आपल्या जुन्या घरांत जिन्याला, स्वयंपाकघराला आणि मुलांच्या खोलीला कंबरेपर्यंत तेलाच्या रंगाचा पट्टा असायचा, धुता यावा म्हणून. अण्णा नगरच्या जुन्या घरांत तो आहे, दादरच्या चाळीतही होता. त्यावर पुढे चार वेळा प्लास्टिक पेंट मारला तरी तो खाली आहेच.

जोपर्यंत तो रंग भिंतीला चिकटून, झाकलेला आहे तोपर्यंत कोणाला त्रास देत नाही. कोरड्या पॉलिश पेपरने घासला की त्याची धूळ होते. धूळ जमिनीवर बसते. रांगणारं मूल जमिनीवर हात टेकतं आणि हात तोंडात घालतं. मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा जास्त शिसं शोषून घेतं, आणि ते मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं: बुद्धी, लक्ष, वागणूक. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की सुरक्षित म्हणता येईल अशी शिशाची पातळी माहीत नाही. मूल लगेच आजारी दिसत नाही, म्हणून कोणी गोंदाचा आणि त्याचा संबंध जोडत नाही. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत ते बाळापर्यंत पोहोचतं. आणि रंगारी? तो तर रोज हेच करतो, तोंडाला रुमाल बांधून.

म्हणून जुन्या भिंतीवर कोरडं घासायचं नाही, मशीनने तर मुळीच नाही. पाण्याचा फवारा मारून भिंत ओलसर ठेवायची आणि ओलीच खरवडायची. अर्थात त्याआधी त्या भिंतीतल्या बोर्डाचा मेन स्विच बंद. खाली जाड प्लास्टिक अंथरायचं, पडलेलं सगळं त्यातच गुंडाळून बाहेर. शेवटी केरसुणी लावायची नाही, कारण ती धूळ उडवते. ओल्या फडक्याने पुसायचं, फडकं टाकून द्यायचं. मुलं आणि गर्भवती बाई त्या दिवशी दुसरीकडे. कामाचे कपडे वेगळे धुवायचे. यात महाग काय आहे? काहीच नाही. फक्त कामाचा एक दिवस जास्त जातो.

आता गोंद काढायची पद्धत. वस्तू अजून भिंतीवर असेल तर आधी ती. आरशावर रुंद चिकटपट्टीच्या उभ्या-आडव्या पट्ट्या मारा, म्हणजे फुटला तरी तुकडे उडणार नाहीत. दोन माणसं, हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. आरसा आणि भिंतीच्या फटीत गिटारची तार किंवा मासेमारीचा मजबूत नायलॉन दोरा घालून दोन्ही टोकांना लाकडाचे तुकडे बांधून करवतीसारखा ओढा. तार गोंदाला कापत जाते, भिंतीला ओढत नाही. पॅनलही असंच निघतं. पहारीने उपटायला जाऊ नका. पहार गिलावा घेऊन येते.

मग गोळ्याभोवती धारदार कटरने रंगावर चौकट कापा, पुट्टीच्या खोलीपर्यंत. ही सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी पायरी आहे. चौकट कापली नाही तर पोपडा कुठपर्यंत फाटत जाईल हे तुमच्या हातात राहत नाही. मी एका बैठकीच्या खोलीत बशीएवढ्या गोळ्यामागे परातीएवढा रंग गेलेला पाहिला आहे. कापलेल्या चौकटीत पुट्टीला ओलं फडकं लावून बघा. अॅक्रिलिक पुट्टी असेल तर पाणी पिऊन पंधरा-वीस मिनिटांत मऊ पडते आणि पातीने गोळ्यासकट साल निघावी तशी निघते. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी पाण्याने मऊ पडत नाही. तिथे पातळ पटाशी अगदी आडवी धरून, हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी गोळ्याखाली सरकवायची. पटाशी उभी धरली की ती गिलाव्यात घुसते. सॅपर हे नावच मुळी किल्ल्याच्या तटाखाली खणत जाणाऱ्यांचं. तटावर डोकं आपटायचं नसतं, त्याच्या पायाखालची माती काढायची असते. गोंदाचंही तेच: तो मजबूत आहे, तर त्याला सोडा, त्याच्या खालचा थर काढा.

एक गोष्ट विसरू नका. भिंतीत विजेच्या तारा आहेत, बोर्डापासून सरळ वर किंवा खाली जाणाऱ्या. त्या पट्ट्यात पटाशी चालवताना खोली गिलाव्याच्या आतच राहिली पाहिजे.

ऊब हे दुसरं साधन. रबराचा गोंद आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची टेप केस वाळवायच्या ड्रायरनेही मऊ पडते. गरम असतानाच पाती घाला, गार झाली की परत घट्ट धरते. इपॉक्सीला हीट गन लागते. घरगुती इपॉक्सी खोलीच्या तापमानाला पिकलेला असतो, तो 50-60 अंशांच्या पुढे गेला की कडकपणा सोडू लागतो, चिजासारखा होतो. हीट गन कमी आकड्यावर, भिंतीपासून चार बोटं लांब, सतत हलती. एका जागी थांबलात तर रंग फुगतो, जळतो. जुन्या तेलाच्या रंगावर हीट गन नको. फार तापला तर शिशाची वाफ होते आणि धुळीपेक्षा ती वाईट. पीव्हीसीचं पॅनल भिंतीवर असताना त्यालाही तापवू नका, त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, डोळे आणि घसा जाळतो. पॉलियुरेथेनचा फोम जाळणं तर अजिबात नाही. तो नुसता लांब पातीच्या चाकूने भिंतीलगत कापायचा, उरलेला घासायचा.

सिलिकॉनला ना पाणी लागतं ना साधं थिनर. तो ब्लेडने कापून, बोटांनी लोळवून काढायचा. पण त्याचा एक दुर्गुण लक्षात ठेवा. सिलिकॉनचा पातळसा थर राहिला तरी त्यावर रंग बसत नाही; माशाच्या डोळ्यासारखी वर्तुळं पडतात. त्यामुळे सिलिकॉनच्या जागी पुट्टी खरवडूनच टाकायची आणि नवी भरायची. पुसून, घासून भागत नाही.

आता रसायनं. बहुतेक लोक इथूनच सुरुवात करतात, मी मुद्दाम शेवटी ठेवलं. आमच्याच इमारतीत नाशिकचं एक तरुण जोडपं भाड्याने होतं. हैदराबादला बदली झाली, घर रिकामं करायचं होतं. टीव्हीमागची पॅनल्स काढली तर भिंतीवर तीस-चाळीस तपकिरी गोळे. त्यांनी बोलावलेल्या कामगाराने पाच लिटर एनसी थिनर आणलं, खिडक्या लावून, एसी चालू ठेवून भिंतीला थिनर चोळायला सुरुवात केली. दोन वर्षांचा मुलगा शेजारच्या खोलीत झोपलेला. वास जिन्यात आला म्हणून मी खाली गेलो. कामगाराचं डोकं गरगरत होतं आणि तो ते उन्हावर ढकलत होता. कोपऱ्यात देवघरात समई तेवत होती.

एनसी थिनरमध्ये टोल्युइनसारखी द्रावणं असतात. टोल्युइनची वाफ पेट घ्यायला चार-पाच अंश सेल्सिअसचं तापमान पुरतं. अॅसिटोनला तर शून्याखाली वीस अंशही पुरतात. म्हणजे आपल्या कुठल्याही गावात, कुठल्याही ऋतूत ती कायम पेटायला तयार असतात. साधं मिनरल टर्पेंटाइन त्या मानाने सौम्य, त्याला 35-40 अंश लागतात. पण चेन्नईत, नागपुरात मे महिन्यात तेवढं तापमान खोलीबाहेर असतंच. या सगळ्या वाफा हवेपेक्षा जड. त्या वर जात नाहीत, जमिनीलगत पसरतात, दाराखालून पुढच्या खोलीत जातात, जिथे फ्रिजचा कॉम्प्रेसर आहे, समई आहे, गॅस आहे. आणि जमिनीवर गादीत झोपलेलं मूल आहे. मी आधी समई शांत केली, मग त्या खोलीतल्या एकाही बटणाला हात न लावता खिडक्या उघडल्या आणि इमारतीच्या मीटरपाशी जाऊन वीज तोडली. ‘काका, एवढं काय?’ असं ती मुलगी म्हणाली. मी तिला मुलाला घेऊन खाली बागेत जायला सांगितलं, मागाहून बोललो.

आणि इतकं करून थिनरने साधतं काय? भिंत सच्छिद्र असते. काचेवरून, फरशीवरून विरघळलेला गोंद पुसून घेता येतो. भिंतीवर तो विरघळून पुट्टीच्या आत झिरपतो. दिसेनासा होतो, म्हणून वाटतं निघाला. रंग मारला की महिनाभरात तपकिरी डाग होऊन परत वर येतो. त्या जोडप्याच्या भिंतीवर जिथे थिनर लागलं होतं तिथे शेवटी पुट्टी काढावी लागलीच, आणि जिथे लागलं नव्हतं तिथलं काम निम्म्या वेळात झालं.

तरी रबराच्या गोंदाचा पातळ थर एखाद्या जागी उरला आणि टर्पेंटाइन वापरायचंच असेल, तर फडक्यावर घ्या, भिंतीवर ओतू नका. खिडक्या समोरासमोर उघड्या, पंखा आणि एसी बंद, जवळ ज्योत नाही, हीट गनचं काम त्या दिवशी नाही. साध्या एन-95 मुखपट्टीने धूळ अडते, वाफ अडत नाही. वाफेसाठी कोळशाच्या कार्ट्रिजची मुखपट्टी लागते. वापरलेली फडकी बाहेर उघड्यावर सुकवून मग टाका, डब्यात कोंबू नका. सिंकमध्ये काही ओतू नका.

रंग उतरवायच्या जेलबद्दल वेगळं सांगतो. काहींमध्ये मेथिलीन क्लोराइड असतं, त्यालाच डायक्लोरोमिथेन म्हणतात. हे शरीरात गेलं की त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो, बंद गाडीत गुदमरतात तोच वायू. अमेरिकेत बाथरूममध्ये टबचा जुना लेप काढताना कामगार याने मेले, एकटे, दार लावलेलं असताना. तिथल्या पर्यावरण संस्थेने 2019 मध्ये रंग काढण्यासाठी सामान्य ग्राहकांना ते विकायला बंदी केली. डबा हातात घ्याल तेव्हा घटकांत हे नाव शोधा, आणि दिसलं तर परत ठेवा. घरातल्या भिंतीसाठी त्याची गरज नाही.

न्यू जर्सीत किंवा टोरंटोत राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी दोन वाक्यं. तुमची भिंत बहुधा जिप्सम बोर्डची, वरून कागद. तिथे पाणी आणि पटाशी दोन्ही नको. गोळ्याभोवती कागद कापून, हलकं गरम करून सोडवा, आणि फाटलेल्या तपकिरी कागदावर आधी प्रायमर मारा. सरळ पुट्टी लावली तर कागद फुगतो. आपल्याकडच्या ऑफिसांत आणि नव्या फ्लॅटांतल्या पार्टिशनलाही हेच लागू.

दुरुस्ती सोपी आहे, फक्त घाई नको. खड्डा ओल्या ब्रशने धूळमुक्त करायचा, गिलावा उघडा पडला असेल तर आधी ओलसर करून पांढऱ्या सिमेंटची पुट्टी दोन पातळ हातांत. एकाच जाड हाताने भरली तर तडे जातात. मग पॉलिश पेपर हलक्या हाताने (नव्या पुट्टीला शिशाची भीती नाही, पण धुळीसाठी मुखपट्टी हवीच), प्रायमर, रंग. गोंदाचा डाग दिसत असेल तर साधा पाण्याचा प्रायमर पुरत नाही, डाग अडवणारा तेलाचा किंवा लाखेचा प्रायमर एक हात मारावा. आमचे मेस्त्री पुट्टीला ‘पट्टी’ म्हणतात आणि मिस्त्री-मेस्त्री हा शब्द पोर्तुगिजांनी दोन्ही भाषांना दिला, त्यामुळे आमचं एकमेकांशी बरं जमतं. त्यांचा एक नियम मला पटला: ‘सार, पावसात पट्टी नको.’ चेन्नईत पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी. तेव्हा पुट्टी वरून वाळलेली दिसते, आत ओली असते. तुमच्याकडे जून ते सप्टेंबर. फेब्रुवारी-मार्च दोन्हीकडे चालतो.

नवं पॅनल, नवा आरसा लावणार असाल तर एवढं करा: शक्य तिथे स्क्रू आणि प्लग वापरा. स्क्रूचं भोक पाच मिनिटांत भरतं. पॅनल गोंदानेच लावायचं असेल तर आधी भिंतीला पातळ प्लायची पट्टी स्क्रूने बसवा आणि पॅनल त्या पट्टीला चिकटवा. काढताना चार स्क्रू काढले की पट्टीसकट सगळं हातात येतं. सुताराला हे सांगावं लागतं, तो आपणहून करत नाही, कारण अर्धा दिवस जास्त लागतो.

आणि पॅनल काढल्यावर मागे काळे ठिपके, मऊ पडलेली पुट्टी किंवा पांढरं मिठासारखं फुललेलं दिसलं, तर रंग मारायला घेऊ नका. ते गोंदाचं काम नाही, ओलीचं आहे. डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग चक्रीवादळाचा पाऊस झाल्यावर इथे कित्येकांनी ओल लपवायला पॅनल्स लावून घेतली, आणि आता एकेक निघतंय. ओल कुठून येते हे कसं शोधायचं, ते पुढच्या भागात बघू. तोवर त्या भिंतीला उघडी राहू द्या, वारा लागू द्या.